नाताळची बरणी आणि तळोज्याचा वास

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नाताळच्या खरेदीला निघणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच! आणि त्याचा गुरुदत्तरावांना भयंकर अभिमान होता. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. एवढ्या वर्षांत 'माल संपलाय' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण सवय जाते कुठे? घरात मिठाची पिशवी फोडायच्या आत दुसरी हजर, आणि दुसरीला हात लागायच्या आत तिसरी!

पण या खेपेला नुसती सवय नव्हती बरं का मंडळी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, रियाने, उरणच्या एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. चर्चमध्ये लग्न लागत होतं तेव्हा गुरुदत्तराव दीड तास बाहेर स्कूटरवर बसून राहिले. आत पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून रिया माहेरी यायची ती पाहुणीसारखी. चहा प्यायची, घड्याळ बघायची, निघायची. एकदाही राहिली नाही. शेवटी नीताताईंनी नवऱ्याला स्पष्टच सांगितलं, "पोरगी रागावलेली नाहीये, दुखावलीये. तुम्ही बिघडवलंय, तुम्हीच निस्तरा."

म्हणून गुरुदत्तरावांनी ठरवलं, यंदाचा नाताळ आपल्या घरी! लेक, जावई, व्याही, विहीणबाई, सगळे इथे. आणि पाहुणचार असा करायचा की रियाने स्वतःहून म्हणावं, 'बाबा, आज राहते मी.'

बाजारात अब्दुलशेठच्या सुक्यामेव्याच्या दुकानात त्यांनी ऐटीत यादी पुढे केली.

"काजू एक किलो, टुटीफ्रुटी अर्धा, काळ्या मनुका दोन किलो."

"दोन किलो मनुका? या अल्ला! गुरुभाई, घरात कुणाचं पोट साफ होत नाही काय?"

"नाताळची तयारी आहे!"

"नाताळ? अहो, अजून नवरात्र बसायचंय!"

"म्हणून तर! डिसेंबरात तुम्ही भाव किती चढवता ते ठाऊक आहे मला."

अब्दुलशेठने निमूटपणे मनुका तोलल्या. पण माणूस नजरेआड होईपर्यंत तो मान वाकडी करून बघत राहिला.

आता दोन किलो मनुकांचं गुपित ऐका. गुरुदत्तरावांनी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. मनुका, साखर, यीस्ट, मूठभर गहू आणि उकळून गार केलेलं पाणी, हे सगळं बरणीत घालून रोज एकदा ढवळायचं. एकवीस दिवसांत घरची वाईन तयार! उरणच्या विहीणबाई, फिलोमिनाबाई, दरवर्षी अशीच वाईन करतात हे रियाने एकदा सांगितलं होतं. तीच आपण केली तर? विहीणबाई गारच पडतील!

अडचण एकच होती. नीताताई. त्यांच्या घरात दारूचा थेंब आजवर आला नव्हता, आणि मार्गशीर्ष लागला की गुरुवारचे उपास, घट, पोथी. तेव्हा वाईन मार्गशीर्षाच्या आत तयार व्हायला हवी, आणि तीही चोरून. गुरुदत्तराव सोसायटीचे सेक्रेटरी होते. गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीची एकुलती एक किल्ली त्यांच्याकडे. दिवाळीचे पाहुणे पांगले तशी चिनी मातीची मोठी बरणी त्या खोलीत जाऊन बसली. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, बरणीच्या तोंडाला फडकं बांधा. फडकं? एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस फडकं बांधेल? त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि वरून चिकटपट्टीचे सात वेढे दिले. रोज संध्याकाळी सातला जायचं, पट्टी सोडायची, ढवळायचं, पुन्हा सात वेढे!

"रोज सातला कुठे जाता हो?" नीताताईंनी विचारलं.

"टाकी बघायला."

"टाकीत रोज काय बघायचं असतं?"

"पाणी!"

इथे आणखी एक गोष्ट हळूच सांगतो, कुणाला बोलू नका. गुरुदत्तरावांना वास येत नव्हता. अजिबात! आठ वर्षांपूर्वी एक जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. पण केमिकलच्या स्टोअरमध्ये नाक म्हणजे माणसाची इज्जत. झाकण उघडून 'हा अमुक माल' सांगणारा माणूस ते! नाक गेलं म्हटलं तर लोक हसतील, या भीतीने त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

बरणी बसवून सहा-सात दिवस झाले आणि चौथ्या मजल्यावरची कीर्ती खाली आली.

"काका, संध्याकाळी कसला तरी आंबूस वास येतोय. तळोजा का हो?"

पनवेलमध्ये वेगळा वास आला की आधी खिडकी लावायची आणि मग तळोज्याच्या नावाने बोटं मोडायची, ही रीतच आहे. आणि सोसायटीत तळोज्याचे तज्ज्ञ म्हणजे गुरुदत्तराव! त्यांनी डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला, दोन क्षण थांबले.

"सॉल्व्हंट!" ते म्हणाले.

"बापरे! धोक्याचं असतं का?"

"बघावं लागेल. वास नेमका कसा आहे, तुझ्या शब्दांत सांग. मला कळलाय, पण नोंदीसाठी."

झालं! गुरुदत्तरावांचं कुतूहल जागं झालं. हे आहे तरी काय? त्यांनी एक वही केली आणि घरोघर हिंडायला सुरुवात केली. वास कधी येतो, किती वेळ राहतो, कशासारखा?

पहिल्या मजल्यावरचा कल्पेश म्हणाला, "इडलीचं पीठ जास्त फसफसलं की येतो ना, तसा."

दुसऱ्या मजल्यावरच्या गुणाबाई मूळच्या उरणच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी जराही विचार केला नाही. "माजा सासरा ताडी ढोसून घरला यायचा ना, आगदी तसा वास हाय!"

"गुणाबाई, हा केमिकलचा विषय आहे!"

"मंग माजा सासरा केमिकल पीत आसंल!"

गुरुदत्तरावांनी वहीत लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकाचं म्हणणं, भावनिक.'

आठ दिवसांच्या नोंदी जमल्या आणि ते थक्क झाले. वास रोज सातला सुरू होतो, सव्वासातला कमी होतो! वरच्या मजल्यावर जास्त, खाली कमी! त्यांनी मांडीवर थाप मारली.

"नीता, सापडलं! सातला काय होतं?"

"तुम्ही टाकी बघायला जाता."

"ते सोड! सातला शिफ्ट बदलते! त्या गडबडीत कुणीतरी गॅस सोडतंय. आणि तो हलका, म्हणून वर चढतो. चौथ्या मजल्याला म्हणूनच जास्त त्रास!"

एवढं बोलून ते बरणी ढवळायला वर गेले. आता याला काय म्हणावं? दिव्याखालून चालणाऱ्यालाही आपली सावली दिसते हो, पण गुरुदत्तरावांना त्या दिवशी काही म्हणता काही दिसत नव्हतं.

मग निवेदन. मग बत्तीस सह्या. मग कार्यालयाच्या चकरा. तीन दिवस त्यांना गच्चीवर जायलाही फुरसत मिळाली नाही, आणि बरणी सात वेढ्यांच्या आत तशीच राहिली. पण यश आलं! प्रदूषण खात्याचे एक साहेब शनिवारी संध्याकाळी सातला गच्चीवर यायला तयार झाले.

शनिवारी पावणेसातपासून सगळी सोसायटी गच्चीवर. नीताताईंनी चहाचा थर्मास आणला होता. साहेब पांढऱ्या शर्टात, हातात एक छोटं यंत्र. गुरुदत्तराव वही उघडून तळोज्याच्या दिशेला बोट दाखवत उभे.

"तिकडून येतो साहेब. बघा, आता येईल."

सात वाजले. सात पाच. सात दहा. कसला वास आणि कसलं काय!

"येत नाहीये," साहेब म्हणाले.

"घाबरले!" गुरुदत्तराव गरजले. "आपण येणार हे कळलं त्यांना! मंडळी, हा आपल्या एकजुटीचा विजय आहे!"

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात जिन्यातून दोन बायका वर आल्या. रिया, आणि तिच्यामागून धापा टाकत फिलोमिनाबाई! रस्त्याने जाता जाता चहाला डोकावल्या होत्या. घराला कुलूप दिसलं, वर माणसांचा आवाज ऐकू आला, म्हणून आल्या.

फिलोमिनाबाईंनी शेवटची पायरी चढली आणि तिथेच थांबल्या. नाक वर केलं.

"आगे बाय! हितं मनुका कोनी बसवल्यात?"



"विहीणबाई, तो केमिकलचा..." गुरुदत्तरावांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"कसला केमिकल? तीस वर्सां बसवते मी. ही मनुकांची वाईन हाय, आनि झाकान घट लावलंय! कोन येडा हाय तो? फुटंल ना ती!"

विहीणबाई तळोज्याकडे पाठ करून सरळ लिफ्टच्या खोलीकडे निघाल्या. साहेब त्यांच्यामागे, साहेबांमागे बत्तीस सह्या. दाराला कान लावला तर आतून सुस्स आवाज!

"किल्ली कोणाकडे आहे?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी गुरुदत्तरावांकडे बघितलं. त्यांनी खिशात हात घातला.  किल्ली लावली, कुलूप काढलं, दार उघडलं, दिवा लावला. बरणीवरची चिकटपट्टी पोळीसारखी फुगली होती.

"मागं व्हा!" फिलोमिनाबाई ओरडल्या.

फट्ट!

झाकण छताला जाऊन आपटलं. पाठोपाठ काळपट लाल फवारा! गुरुदत्तराव डोक्यापासून चपलेपर्यंत न्हाले. साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर होळी झाली. कुणाच्या तरी कपाळावर एक मनुका चिकटली ती तिथेच राहिली.

"माजा सासरा!" गुणाबाई मागून विजयाने ओरडल्या. "बोलली व्हती ना मी!"

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. "हे आमच्या खात्यात येत नाही," ते जड आवाजात म्हणाले. "हे दारूबंदीवाल्यांच्या खात्यात येतं. मी काही बघितलं नाही. पण हा शर्ट नवीन होता." आणि ते जिना उतरून गेले.

"अहो," नीताताईंनी थर्मास खाली ठेवला, "रोज सातला हीच टाकी होती का?"

"पण काका," कीर्ती म्हणाली, "तुम्ही रोज बरणीत तोंड घालून ढवळत होतात, तरी तुम्हाला हा वास ओळखता आला नाही?"

आता मात्र पळायला वाट नव्हती. गुरुदत्तरावांनी चष्मा काढला. त्यावरूनही वाईन ओघळत होती.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. सर्दीत नाक गेलं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही कुणाला. आणि ही वाईन... नाताळला तुम्हा सगळ्यांना घरी बोलवायचं होतं. रियासाठी करत होतो."

सोसायटी हळहळली. पण रिया तशीच उभी. ती मनात काहीतरी हिशेब करत होती.

"आठ वर्षं?" ती म्हणाली. "बाबा, मग माझ्या लग्नात चर्चच्या बाहेर का बसलात? धुपाच्या वासाने डोकं उठतं म्हणाला होतात!"

गुरुदत्तरावांना वाटलं, त्या बरणीने आपल्यालाच उडवलं असतं तर बरं झालं असतं.

"खोटं बोललो," ते म्हणाले. "राग होताच. पण खरं सांगू का? रडू येत होतं गं. तू आत चालत गेलीस आणि मला आवरेना. तुझ्या सासरच्यांसमोर रडायचं नव्हतं मला."

"आता घ्या!" फिलोमिनाबाईंनी कपाळावर हात मारला. "आवो व्याहीबुवा, आमी समदी आत बसून रडलो की! तुमी यकटेच भाईर रडत व्हतात? आत आला आसतात तं रुमाल तरी दिला आसता!"

रियाने ओढणीच्या टोकाने बाबांचा चष्मा पुसला आणि त्यांच्या नाकावर नीट बसवला. तिचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं.

"आज राहते मी," ती म्हणाली.

 फिलोमिनाबाईंनी बरणीत उरलेल्या वाईनचा एक थेंब जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "आंबून आर्धी शिरका झालीय. आसूंदे, नाताळच्या मटनाला चालंल. मी बाटलीत भरून नेते. वाईन मी आनते, तुमी निस्ते भांडी घासा!"

सगळे हसले. गुरुदत्तरावही हसले. जमलं! इतक्या लवकर खरेदी केल्याचं सार्थक झालं! भिजलेल्या अंगाने ते आनंदात नीताताईंकडे वळले. नीताताई हसत नव्हत्या.

"आठ वर्षं म्हणालात ना?"

"हो."

"मग आठ वर्षं माझ्या प्रत्येक आमटीला 'वा नीता, काय घमघमाट सुटलाय' म्हणायचात, ते?"

 नाताळाला अजून सव्वा महिना होता, आणि तोवर दोन्ही वेळ घरीच जेवायचं होतं.