एका वेळी एकच

साळवे कॉम्प्युटरचा बायोस बदलायला बसले की आमच्या कारखान्याच्या ऑफिसात संडासातला दिवासुद्धा कुणी लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. चहाची विजेची किटली बंद. पंखे बंद. झेरॉक्सच्या मशीनवर साळवे स्वतःचा टॉवेल टाकून ठेवायचे, म्हणजे चुकूनही कुणाचा हात तिकडे जाऊ नये. मे महिन्यात सुप्याच्या एमआयडीसीत पत्र्याखाली पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. मी भोगलंय. मी स्टोअरला होतो आणि साळव्यांच्या खोलीला लागूनच माझं टेबल होतं.

बायोस म्हणजे असतं तरी काय, हे मी एकदा घाम पुसत विचारलं. साळवे मूळचे तिसगावचे. कितीही वर्षं नगरला काढली तरी बोलणं तिथलंच राहिलं.

"गाडेकर, सकाळी झोपेतनं उठल्यावर मानसाला आपलं नाव आठवतं का न्हाई? कुनी सांगावं लागत न्हाई. तसं मशीनला उठल्या उठल्या जे आठवतं, ते बायोस. आपून ते पुसून नवं लिहितोय. मधीच लाईट गेली तर जुनं बी न्हाई अन् नवं बी न्हाई. मग ते उठतच न्हाई."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढे पंख्याचं नाव काढलं नाही.

कारखान्यात ते टायपिस्ट म्हणून लागले होते. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून संध्याकाळी कापड घालायचं काम साळव्यांकडे आलं, आणि कापड घालता घालता ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. विभागात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे प्रमुखांना साहेबांच्या शिव्याही एकट्यालाच खाव्या लागत.

त्यांची तयारी पाहून माणूस थकून जायचा. आधी लॅपटॉप उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचं मॉडेल वाचायचं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचायचं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, वर वायरही लावलेली हवी, वायर यूपीएसला, आणि जनरेटरवाल्याला निरोप गेलेला हवा. एवढं करून सबस्टेशनला फोन. "साळवे बोलतोय. आज काय इचार हाय तुमचा?" तिकडच्या माणसाला हा प्रश्न पाठ झाला होता. कुणी साळव्यांना म्हटलं, की एवढं आहे तर चांगला दिवस बघून करा, तर ते म्हणायचे, "आमी मुहूर्त बघत न्हाई. लोडशेडिंगचं टायमटेबल बघतो."

प्रत्यक्ष काम चहा गार व्हायच्या आत संपायचं. त्या दिवशी हटकून लाईट जायची नाही. आम्ही घामेजलेले लोक खोलीत डोकावून विचारायचो, "काय फरक पडला?"

"काई न्हाई," साळवे समाधानानं म्हणायचे. "फरक न्हाई पडला, हेच लई झालं."

त्यांचं दुसरं व्रत म्हणजे 'एका वेळी एकच'. लॅपटॉपच्या पडद्याला, माऊसला, मोडेमला चालवणारे जे ड्रायव्हर असतात, ते नवे टाकायचे तर एका वेळी एकच. टाकला की मशीन बंद, पुन्हा चालू, दिवसभर बघायचं. जुना ड्रायव्हर फ्लॉपीवर ठेवून द्यायचा. याला ते 'परतीचं तिकीट' म्हणत. उद्या नव्यानं दगा दिला तर माघारी यायला वाट नको का?

एकदा विक्री विभागाच्या साहेबांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचे सगळे ड्रायव्हर एकदम लॅपटॉपमध्ये ओतले. पडद्यावर अक्षरं वांग्याएवढी झाली, आणि आवाज गेला तो गेलाच. साळव्यांनी पोलिसी चौकशी सुरू केली.

"ह्ये कुनी दिलं तुमाला?"

"सीडीवर होतं. फुकट होतं."

"साहेब, एस्टी स्टँडवर अनोळखी मानसानं बिस्कीट दिलं तर खाता का तुमी?"

साहेबांनी खाणार नाही असं सांगितलं. "मग मशीनला का चारलं?" असं म्हणून साळवे ते बिस्कीट काढत आठवडाभर बसले. एका वेळी एकच.

हे ऑफिसापुरतं असतं तर ठीक होतं. पण आम्ही नगरच्या सावेडीत एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, कंपनीच्या बसला शेजारी बसायचो, आणि साळव्यांचं व्रत चोवीस तास चालायचं. लग्नाच्या पंगतीत ते आधी नुसता भात खात. मग थांबत. मग जिलबी. मग पुन्हा थांबत. वाढपी वैतागून पुढे निघून जायचा. "सगळं एकदम खाल्लं अन् उद्या पोट बिघडलं, तर कुनी बिघडवलं ते कसं कळनार?" नवा चष्मा आला तेव्हा त्यांनी नव्या चपला खोक्यात ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाले, "ठेच लागली तर चष्म्यानं लागली का चपलेनं, सांगा बरं." तो महिना ते नव्या चष्म्यातून जुन्या फाटक्या चपलांकडे बघत चालले.

त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा मिलिंद इंजिनिअर. सन दोन हजार लागलं की जगातले कॉम्प्युटर तारखेत गोंधळतील, तो गोंधळ आधीच निस्तरायला आपल्याकडची पुष्कळ मुलं तेव्हा अमेरिकेला गेली, त्यात तोही गेला. जाताना आईच्या फोटोला नमस्कार केला आणि वडिलांना म्हणाला, "पप्पा, दर रविवारी फोन करीन." करायचाही. पण तो फोन मी ऐकलेला आहे. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती; मिलिंदचे शब्द मी अंदाजानं भरायचो. "कसे आहात, पप्पा?" "बरा हाय. तू?" "बराय." "जेवलास?" "हो." "मग ठीक." मग कुणीतरी आधी ठेवून द्यायचं. साळवे त्यानंतर गॅलरीत येऊन उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे चाचपत उभे राहायचे.

मग नव्याण्णवच्या दिवाळीआधी मिलिंदनं एका मित्राबरोबर लॅपटॉप पाठवला. वापरलेला, पण चांगला. पप्पांनी ई-मेल करावी म्हणून. त्याच्या मागोमाग टपालानं एक फ्लॉपी आली. लॅपटॉपच्या बायोसला दोन हजार साल कळत नव्हतं, एक जानेवारीला तो थेट एकोणीसशे ऐंशीत गेला असता. फ्लॉपीवर कंपनीचा नवा बायोस होता. तो घालायचा, आणि मिलिंद फोनवरून सांगेल तसं घालायचा.

इथून माझे रविवार गेले.

कारण साळव्यांना दोन्ही हात मोकळे हवे असत. त्यामुळे रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरून बसायला शेजारी हवा. आठवडाभर बसचे धक्के खाऊन, टँकरच्या पाण्याच्या घागरी वर चढवून रविवारी जरा पडावं म्हटलं, की दार वाजायचं. "गाडेकर, या. मिलिंदचा फोन यील आता." मी लेंग्यावरच जायचो. परदेशचा फोन, त्यामुळे मिलिंद ओरडून बोलायचा. मधे धरलेल्या रिसीव्हरातून आम्हा दोघांनाही सगळं ऐकू यायचं.

पहिल्या रविवारी लॅपटॉपखालची चिठ्ठी वाचली. फक्त चिठ्ठी. दुसऱ्या रविवारी, चालू करताना पडद्यावर जुन्या बायोसचा नंबर येतो तो वाचायचा. तो म्हणे पटकन निघून गेला. तिसरा रविवार त्यातच गेला. चौथ्याला बॅटरी भरलेली नव्हती. माझा हात खांद्यापासून भरून यायचा. मी मनात म्हणायचो, अरे बाबा, एका वेळी एकच खरं, पण हे म्हणजे एका महिन्याला एक झालं.

पाचव्या रविवारी मिलिंद ओरडला, "पप्पा, आता एफ-टू दाबा!"

"एफ-टू?" साळवे म्हणाले. "ते कुठं असतं रे?"

मी बघितलं. त्यांचं बोट एफ-टूवर होतं. आधीपासूनच होतं.

"वरच्या रांगेत बघा पप्पा. डावीकडून. सापडलं?"

"थांब, चष्मा लावतो," साळवे म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

मला राग आला, हे कबूल करायला हवं. त्या महिन्यात या माणसानं कारखान्यातल्या एकूण एक मशीनचा बायोस एकट्यानं बदलला होता. फोन संपल्यावर मी खांदा चोळत म्हणालो, "साळवे, माझ्या झोपेचा तरी विचार करा. तुम्हाला सगळं येतंय."

साळव्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलं. चहा ठेवला. आलं ठेचून टाकलं.

"गाडेकर," मग ते भांड्याकडे बघत म्हणाले, "त्यो 'कसे हाय' म्हनतो. मी 'बरा हाय' म्हनतो. फुडं काय बोलायचं? त्याची आई बोलायची. मला न्हाई येत. ह्याच्यावर मात्र मी त्याच्याशी अर्धा अर्धा तास बोलतोय. त्यो चिडतो, हसतो. परवा म्हनला, पप्पा, लहानपनी मला पाढे शिकवताना तुमी असंच डोकं खाल्लं होतं." त्यांनी गॅस बारीक केला. "आता एकदा का हे नीट झालं, की परत 'बरा हाय'."

आपल्या बापाशी आपण तरी काय बोलतो? चहा घेतला आणि घरी येऊन पडलो. झोप काही आली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दार वाजवायच्या आत मीच जाऊन बसलो.

पण डिसेंबर कुणासाठी थांबत नाही. शेवटच्या रविवारी मिलिंदनं ठणकावलं, "पप्पा, आज संपवायचंच. पुढच्या रविवारी दोन हजार साल असेल."

"व्हय," साळवे म्हणाले. सबस्टेशनला सकाळीच फोन झाला होता. बॅटरी भरलेली होती, वायर लावलेली होती. घरातला फ्रीजसुद्धा बंद. जुना बायोस त्यांनी आधी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतला. मग मिलिंदनं पाठवलेली फ्लॉपी आत सरकवली आणि या वेळी कुठलंच बटन विचारलं नाही. पडद्यावर पांढरी पट्टी हळूहळू सरकायला लागली. पट्टी भरत चालली तसे साळवे खुर्चीत खचत गेले. एवढ्या मशीनवर मी त्यांना हे करताना पाहिलं होतं, पण पट्टीनं सावकाश जावं असं वाटणारा त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

पट्टी भरली. लॅपटॉप आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झाला. नवा नंबर आला. साळव्यांनी तारीख पुढची घालून बघितली. दोन हजार साल व्यवस्थित लागलं. मग तारीख परत आजची केली.

"झालं की पप्पा!" मिलिंद ओरडला. "एकदम मस्त. आता काही बघायला नको."

"न्हाई नको," साळवे म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप रीतसर बंद केला. वायर काढून गुंडाळली. झाकण लावलं. आता मिलिंद 'ठेवतो' म्हणणार, हे मलाही कळलं, आणि मी रिसीव्हर साळव्यांच्या कानाशी आणखी जवळ नेला.

"मिलिंद," साळवे एकदम म्हणाले, "त्यातनं आवाज येतोय रे."

"कसला आवाज?"

"बारीक. गुनगुन केल्यासारखा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"फोन जवळ धरा बघू," मिलिंद म्हणाला.

मी रिसीव्हर नेऊन त्या बंद लॅपटॉपच्या झाकणाला टेकवला. खोलीत चिडीचूप होतं. फ्रीज बंद, पंखा बंद, रस्त्यावरची एखादी रिक्षासुद्धा त्या वेळी जाईना. तसाच धरून बसलो. मग उचलून पुन्हा आम्हा दोघांच्या मधे आणला.

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, लाईन तुटली.

"हो पप्पा," मिलिंद म्हणाला. या वेळी तो ओरडत नव्हता. "येतोय आवाज. स्पष्ट येतोय. हे बघावं लागेल. पुढच्या रविवारी निवांत बघू. तोवर तुम्ही त्याला हात लावू नका."

"न्हाई लावत," साळवे म्हणाले.