झिपरीबाईंची तलावफेरी

एका जंगलात डांबरी रस्ता झाला. मुलांनो, रस्ता झाला की सायकली येतात, आणि सायकली आल्या की मंडळ निघतं. त्या जंगलातही निघालं. नाव 'वायुवेग सायकल मंडळ'.

त्याच जंगलात झिपरीबाई नावाच्या एक अस्वलीण राहत होत्या. त्यांना गुब्या नावाचा दोन वर्षांचा मुलगा होता. गुब्याचे बाबा मधाच्या कामासाठी पलीकडच्या डोंगरावर असत. "आपला गुब्या झोपेत किती गोड दिसतो," असं ते सगळ्यांना सांगत. झिपरीबाईंनी गुब्याला झोपलेलं फारसं पाहिलं नव्हतं.

गुब्या दिवसभर आईच्या पाठीवर असे. अस्वलांची तशी रीतच आहे. पण गुब्या वाढत चालला आणि झिपरीबाईंचे गुडघे कुरकुरू लागले. त्या डॉक्टर काट्यांकडे गेल्या. डॉक्टर काटे म्हणजे साळिंदर. त्यांना नुसतं बघूनच निम्मे पेशंट बरे होत.

"सायकल चालवा," डॉक्टर म्हणाले.

"आणि याला कुठे ठेवू?"

गुब्या तेव्हा डॉक्टरांच्या पाठीवरचा एक काटा उपटून बघत होता.

"कुठेही ठेवा," डॉक्टर कळवळून म्हणाले. "इथे नको."

शेजारच्या नीलगाईनं मागच्या वर्षी हौसेनं सायकल घेतली होती. आता तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. "दोडके तेवढे काढून दे आणि ने," नीलगाय म्हणाली. मग एका वानरानं मागच्या बाजूला वेताची छोटी खुर्ची घट्ट बसवली आणि तिला पट्टा लावला.

पहिले चार दिवस गुब्या दगडावर बसून आईचा सराव बघत होता. झिपरीबाई करवंदीच्या जाळीत पडल्या की तो टाळ्या वाजवून ओरडे, "पुन्ना!" पाचव्या दिवशी त्या पडल्या नाहीत, तेव्हा तो भोकाड पसरून रडला.

मग झिपरीबाईंनी मंडळात नाव घातलं.

"सगळ्यांचं स्वागत आहे," मंडळाचे कॅप्टन सुसाटे म्हणाले. ते काळवीट होते. "फक्त आपलं ॲव्हरेज पडता कामा नये."

"ॲव्हरेज म्हणजे?"

"तासाला किती किलोमीटर ते," मंडळाचे चिटणीस मुसंडे म्हणाले. ते रानडुक्कर होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "आपल्याला मजा आली की नाही, ते यात कळतं."

दोन महिन्यांनी मंडळाची तलावफेरी जाहीर झाली. तलावाभोवती वीस किलोमीटर. नऊच्या आत जो पोचेल त्याला पदक.

झिपरीबाईंना ते पदक फार हवं होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सुरू केलेली एकही गोष्ट पुरी झाली नव्हती. चहासुद्धा.

सकाळी सहाला शिट्टी झाली. सगळे सुसाट गेले. झिपरीबाईही निघाल्या.

"आई, थांब. वारूळ!"

थांबल्या. वारूळ बघितलं. थोडी वाळवी खाल्ली.

"आई, थांब. शू!"

थांबल्या.

"आई, मोजा!"

डावा मोजा मागे कुठेतरी पडला होता. त्या अर्धा किलोमीटर मागे गेल्या आणि मोजा घेऊन आल्या. तेवढ्यात गुब्यानं उजवा टाकला होता.

तरीही झिपरीबाई नेटानं पॅडल मारत राहिल्या. शेवटचे दोन किलोमीटर राहिले. हातात अर्धा तास होता. पाण्यापलीकडे शेवटचा झेंडाही दिसू लागला.

आणि मागचा आवाज बंद झाला.

त्यांनी वळून पाहिलं. गुब्या झोपला होता. त्याची मान एका बाजूला कलली होती आणि प्रत्येक खड्ड्याला डोकं हिंदकळत होतं.

झिपरीबाई थांबल्या. त्यांनी झेंड्याकडे पाहिलं. मग गुब्याकडे पाहिलं. उठवलं असतं तर वेळेत पोचल्या असत्या. मुलांनो, तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुम्ही झोपलात की घरातली मोठी माणसं चवड्यांवर चालतात आणि भांड्याला भांडं लागू देत नाहीत. उठवणं ही साधी गोष्ट नसते.

त्यांनी हलकेच पट्टा सोडला. सायकल रस्त्याकडेला आडवी केली. अर्जुनाच्या झाडामागे गुब्याला सावलीत निजवलं. पदकाच्या नावानं दोन टिपं गाळली. मग "पाचच मिनिटं" असं म्हणून त्याच्याशेजारी आडव्या झाल्या.

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. पदकं वाटून झाली आणि एक उरलं.

"त्या बाई आल्या नाहीत," मुसंडे म्हणाले.

"पडल्या तर नसतील?" कुणीतरी म्हणालं.

"तलावात मगर आहे," दुसरं कुणीतरी म्हणालं.

कॅप्टन सुसाट्यांनी आधी सायकल वळवली. त्यांच्यामागे सगळं मंडळ निघालं. त्या दिवशी ते जितक्या वेगानं गेले, तितक्या वेगानं कधीच गेले नव्हते, आणि घड्याळाकडे कुणी बघितलंही नाही.

वाटेत त्यांना आडवी पडलेली सायकल दिसली. रिकामी खुर्ची दिसली. शेजारी एक छोटा मोजा पडला होता.

तेवढ्यात झाडामागून लाकूड कापल्यासारखा आवाज आला. सगळे वाकून बघू लागले. झिपरीबाई घोरत होत्या.

"अहो, या तर झोप..." मुसंडे ओरडले.

गुब्यानं कूस बदलली.

"श्श!" कॅप्टन म्हणाले. त्यांच्याही घरी पाडस होतं. एक पाय वर उचलून ते तसेच उभे राहिले. गुब्या पुन्हा शांत झाला, पण आता निघायचं कसं? रस्त्याकडेला खडी होती. पाऊल टाकलं की कर्र वाजायची. म्हणून सगळे होते तिथेच बसले. वारा गार होता. बसलेले कलंडले.

जाग आली तेव्हा अकरा वाजले होते. घड्याळं मात्र बंद करायची राहून गेली होती. मंडळाचं ॲव्हरेज तासाला पाच किलोमीटरच्याही खाली आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. 'मंडळाच्या वेगास बाधा आणल्याबद्दल' झिपरीबाईंचं नाव कमी करण्यात आलं. पदकही मिळालं नाही. झिपरीबाईंना फार वाईट वाटलं. रविवारपर्यंत वाटलं.

रविवारी त्यांनी गुब्याला खुर्चीत बसवलं आणि त्या थेट अर्जुनाच्या झाडापर्यंत गेल्या. दोघं खेळली, दोघं झोपली. पुढच्या रविवारी एक वानरीण पिल्लाला घेऊन आली. मग एक मुंगशीण आणि तिची तिन्ही पिल्लं आली. महिन्याभरात त्या झाडाला नऊ सायकली टेकलेल्या दिसू लागल्या.

"इथे काय चालतं?" मुसंड्यांनी एकदा जाता जाता विचारलं.

"सायकलिंग," झिपरीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

आणि एका रविवारी कॅप्टन सुसाटे आले. एकटेच. त्यांच्या सायकललाही मागे नवी कोरी खुर्ची होती आणि तिच्यात त्यांचं पाडस बेंबीच्या देठापासून रडत होतं.

"हिची आई म्हणाली," कॅप्टन सायकलवरून न उतरता म्हणाले, "तुम्ही फिरायला जाताच आहात, तर हिलाही न्या." त्यांचे डोळे लाल झाले होते. टोपी उलटी होती. घड्याळ पाडसाच्या तोंडात होतं.

झिपरीबाईंनी एक डोळा उघडला.

कॅप्टननी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर मंडळाचं कुणी नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "ताई, जागा आहे का हो?"

झिपरीबाई थोड्या सरकल्या.

तात्पर्य : शर्यतीत वाटेत झोपू नये, असं तुम्हाला मोठी माणसं सांगतील. त्यांच्यावर रागावू नका. त्यांची मुलं मोठी झालेली असतात.