हरकत असल्यास तीस दिवसांत

माणूस जिवंतपणी जे देत नाही ते मेल्यावर देईल, या विश्वासावर जगातलं निम्मं लोककल्याण उभं आहे. उरलेलं निम्मं ठरावांवर उभं आहे. आंध्रातल्या आमच्या नार्नूरच्या मराठी सेवक संघानं दोन्ही करून पाहिलं, आणि त्या काळात संघाचं दप्तर माझ्याकडे होतं. त्यामुळे नेत्रदानाची हकीकत आकड्यांनिशी मांडणं मला भाग आहे. (दप्तर म्हणजे एक लोखंडी पेटी. तिला कुलूप आहे, पण किल्ली हरवण्याच्या भीतीनं ते कधी लावलेलं नाही.)

संघाचे सभासद दोनशे त्रेचाळीस. गुरुजी, कारकून, कंडक्टर, ग्रामसेवक आणि पेन्शनर. त्यांत बौद्ध वस्तीतले आणि वरच्या आळीतले जवळपास निम्मे निम्मे. दोघांनी एकाच पातेल्यातला उपमा खावा अशी गावात ही एकच जागा, आणि तो कच्चा राहिला याबद्दलही दोघांचं एकमत असतं.

शहाण्णवच्या वार्षिक सभेत भिवाजी गुरुजींनी नेत्रदानाचा विषय काढला. कारण घरचंच होतं. त्यांच्या आई जयवंताबाई यांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला. उजव्यात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना काडी घुसली आणि बुबुळावर पांढरा पडदा चढला. जिल्ह्याच्या गावी एका धर्मादाय दवाखान्यानं नवीन नेत्रपेढी काढली होती, तिथल्या यादीत त्यांचा नंबर दुसरा लागला. पहिला नंबर बेल्लमपल्लीच्या एका निवृत्त खाणकामगाराचा. एका माणसाचे दोन डोळे दोघांना बसतात, म्हणजे हिशेब अगदी सोपा होता. आमच्यापैकी फक्त एकानं मरायचं होतं आणि त्याआधी हो म्हणायचं होतं. पहिली अट सभासद वेळोवेळी विनातक्रार पुरी करत आलेले आहेत. गाडी दुसरीवर अडली.

जयवंताबाईंची मागणी माफक होती. सभेत त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मले काई जग पाहाचं नाई बाप्पा. सून म्हनते, आत्याबाई, भाकर चांदनीवानी पांढरी हाय. तोंडात त कोयसा लागते. मले ते भाकर एकदा पाहाची हाय."

टाळ्या झाल्या. हात वर करायला सांगितलं तेव्हा दोनशे अडतीस हात वर झाले. उरलेल्या पाचांच्या हातांत उपम्याच्या बशा होत्या. अध्यक्ष हणमंतरावांनी दोन्ही हात वर केले होते, मी एकच मोजला.

त्याच दिवशी सगळ्यांना फॉर्म वाटले. वर्ष संपलं तेव्हा भरून आलेले फॉर्म भरले सात. त्यांत 'शेरा' नावाचा रकाना ठेवण्याची चूक माझीच. उद्धवराव पोस्टमास्तरांनी त्यात लिहिलं होतं, 'डोळे द्यावेत, चष्मा देऊ नये, नवीन आहे.' चंपत कंपाउंडरनं उजवाच देऊ केला होता. वरती ओळख पटवायला एक तरी जवळ असावा, असं त्याचं म्हणणं.

राहिलेल्या दोनशे छत्तीस जणांना मी घरोघर जाऊन विचारलं. मिळालेली उत्तरं अशी: 'घरी विचारून सांगतो' एकशे एक्कावन्न, 'पाहू' अठ्ठेचाळीस, 'फॉर्म हरवला' बावीस, 'साहेबांनी भरला का?' चौदा, आणि 'मेल्यावर या' एक. (पहिल्या आकड्यात एक नाव माझंही आहे. मोजणाऱ्यानं स्वतःला मोजू नये असा नियम कुठं आढळला नाही.)

घरी विचारणाऱ्या या एकशे एक्कावन्न पुरुषांबद्दल मला मनापासून आदर आहे. यांनी बैल घरी न विचारता विकले, स्कूटर घरी न विचारता घेतली, पोरींची लग्नं बसस्टँडवर ठरवून घरी येऊन फक्त तारीख सांगितली. अशा माणसांना डोळ्यांपाशी येताच घराची आठवण व्हावी, ही कुटुंबसंस्थेची केवढी मोठी ताकद! मी त्यांच्या घरीही गेलो. घरून उत्तर आलं, "ते म्हणतील तसं." म्हणजे फाईल ओट्यावरून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून ओट्यावर नियमित जात-येत होती. कचेरीत याला काम चालू असणं म्हणतात.

कोंडी फोडली ती हणमंतरावांनीच. हणमंतराव तहसिलीत एकतीस वर्षं पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारे कारकून, होते. सरकारं बदलली, तहसिलीचं मंडल ऑफिस झालं, तरी त्यांच्या तोंडातली निजामाच्या वेळची कचेरी काही उठली नव्हती. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत ते सभेत उभे राहिले.

"जमिनीच्या फेरफाराला आपण काय करतो? चावडीवर इश्तिहार लावतो. मुदतीत हरकत आली नाही की मंजूर! हो म्हणायला माणूस कधी कचेरीत आलाय का? तो नाही म्हणायलाच येतो. आणि आपला माणूस नाही म्हणायलासुद्धा उद्या येतो. तेव्हा मी म्हणतो, त्या उद्यावरच भरवसा टाका!"

ठराव झाला. आजपासून सर्व सभासद नेत्रदाते समजले जातील. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत नकार-वहीत सही करावी, न केल्यास संमती गृहीत धरली जाईल. (हे कायद्यात बसतं का, हे आम्ही कोणाला विचारलं नाही. कायदा करतानाही आम्हाला कोणी विचारलेलं नव्हतं.) पेढीला ठरावाची नक्कल पाठवली. त्यांचं कार्ड आलं: 'अभिनंदन. तरीही मृत्यूनंतर सहा तासांत कळवावे व घरच्यांची सही घ्यावी.'

नकार-वही मी लाल कापडात बांधून घेतली. दोनशे पानं, रकाने चार: अनुक्रमांक, नाव, कारण, सही. ती संघाच्या वाचनालयात ठेवली. वेळ साडेदहा ते पाच, एक ते दोन जेवणाची सुट्टी.

आता यात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. भिवाजी गुरुजी शाळेत जाताना आईला वाचनालयाच्या ओसरीवर बसवून जात. घरी एकट्या असल्या की त्या चुलीला धडकत. ओसरी ओलांडल्याशिवाय वहीपर्यंत जाता येत नव्हतं. आणि जयवंताबाईंना दिसत नसलं तरी गावातली प्रत्येक चप्पल त्यांना वाजण्यावरून ओळखू येत होती.

"कोन, यशवंतराव का? या. नाई लिवाले आले?"

"छे छे, जयवंताबाई! पेपर वाचायला आलो."

"वाचा न. दिसते तवर वाचूनच घ्या. मोठ्यानं वाचा, मले बी आयकू येईन."

यशवंतराव ग्रामसेवकांनी त्या दिवशी कापसाच्या भावापासून निधनवार्तांपर्यंत सगळा पेपर मोठ्यानं वाचला आणि घसा धरून घरी गेले.

त्या तीस दिवसांत वाचनालयाला एकशे चौसष्ट वाचक मिळाले. त्याआधीच्या अकरा वर्षांत मिळून मिळाले होते चाळीस. तिघांनी तर रेल्वेचं वेळापत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नार्नूरला रेल्वे नाही. प्रत्येक जण वहीपाशी यायचा, तिच्यावरची धूळ झटकायचा आणि पाणी पिऊन जायचा. एवढी स्वच्छ वही माझ्या नोकरीत मी दुसरी पाहिली नाही.

हणमंतरावही चारदा आले. आढावा घ्यायला, असं म्हणाले. चारही वेळा त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशापर्यंत गेला आणि रिकामा बाहेर आला. चौथ्यांदा, म्हणजे एकोणतिसाव्या दिवशी, ते मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत आले. ओसरीवर जयवंताबाई भाकरीचा काळा पापुद्रा नखानं काढत बसल्या होत्या.

"हनमंतराव, आज चपला काऊन हातात घेतल्या?"

"कुठे काय! पायात काटा गेला."

"पाहा बाप्पा संभाळून. तुमच्यावरच त सगळी भिस्त हाय. तुमी ठराव केला, तवापासून मी पोराले सांगून राह्यली, त्या मानसाचं मन मोठं हाय."

हणमंतराव काटा काढून परत गेले. तिसाव्या दिवशी सायंकाळी पाच वाजता मी वही बंद केली. नकार शून्य, संमती शंभर टक्के. हणमंतरावांनी पेढे वाटले.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी आठ वाजता चहा पिता पिता हणमंतराव गेले. कप तेवढा बशीत नीट ठेवला होता. टेलिफोन बूथवरून पेढीला कळवलं. साडेअकराला पेढीची जीप दारात उभी राहिली. मुदत दोन वाजेपर्यंत, हवी होती एक सही.

हैदराबादेहून थोरला मुलगा फोनवर म्हणाला, "धाकट्याला विचारा." धाकटा म्हणाला, "दादा म्हणेल तसं." जमलेले सगळे सभासद भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होते. जो तो मनातल्या मनात स्वतःच्या घरच्यांचा चेहरा आठवत असावा. साडेबारा झाले, एक झाला. उशाशी हणमंतरावांच्या पत्नी विनोदिनीबाई बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "खुंटीवरच्या कोटात यांचं पेन असेल, ते द्या."

पेन मिळालं. त्याला गुंडाळलेला कागदही मिळाला. सुंदर अक्षर, समास सोडलेला, तीन प्रतींत. हाती आलेला कागद वाचायचा ही कारकुनाची खोड, मी तो वाचत उभा राहिलो.

"मोठ्यानं वाचा," विनोदिनीबाई म्हणाल्या.

वाचलं. 'अर्जदार हणमंतराव, निवृत्त पेशकार. नेत्रदानास माझी हरकत आहे. कारण: घरी संमती नाही.' तारीख एकोणतिसाव्या दिवसाची.

मग भिवाजी गुरुजी पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, त्यांची मर्जी नव्हती. राहू द्या. आई आनखी थांबेल."

"थांबा गुरुजी. घरी म्हणजे कोण?" विनोदिनीबाईंनी विचारलं. "पोरं हैदराबादेत. या घरात यांच्याशिवाय मीच राहून राह्यले. मला तर कोणी विचारलं नाही."

"पण वहिनी, त्यांनी लिहून ठेवलं आहे."

"लिहिलं, दिलं नाही. गुरुजी, बेचाळीस वर्षांत असे अर्ज मीही पुष्कळ लिहिले. मनात. दिला एकही नाही. यांनी ते सगळं मंजूरच धरलं ना? माझी शाळेची नोकरी सुटली तेव्हा, माहेरचं शेत विकलं तेव्हा. मी गप्प होते, म्हणजे हो होतं. मग आज यांचं गप्प बसणं काय वेगळं?" त्यांनी पेनचं टोपण काढलं. "आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. कुठे करायची सही?"

एक वाजून वीस मिनिटांनी सही झाली. अर्जाचं काय करायचं असं त्यांनी मला विचारलं. मी मागच्या बाजूला शेरा मारला: 'मुदतीत दाखल नाही. नमूद कारण चौकशीअंती खोटे आढळले. सबब नामंजूर, निकाली.' पेशकारसाहेबांना माझी भाषा आवडली असती.

जयवंताबाईंच्या डोळ्याची पट्टी निघाली. धूसर का होईना, पण दिसू लागलं. घरी येताच त्यांनी आधी भाकर मागवली. खालून-वरून फिरवून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "चांदनी म्हने! हे त अमोशा हाय माय." सून तेव्हापासून तवा वेळेवर उतरवते. बेल्लमपल्लीच्या गृहस्थांना दुसरा डोळा बसला, पण ते आमच्या पत्राला उत्तर देत नाहीत. घरी विचारत असावेत.

पुढे विनोदिनीबाई एकदा भिवाजी गुरुजींच्या घरी गेल्या. डॉक्टर सांगतात की नुसती वरची काच बदलते, नजर ज्याची त्याचीच राहते. तरी त्या जयवंताबाईंसमोर बराच वेळ बसून राहिल्या. उठताना म्हणाल्या, "एवढं सरळ माझ्याकडे यांनी बेचाळीस वर्षांत पाह्यलं नव्हतं." जयवंताबाईंनी त्यांना दर बुधवारी येत जा म्हणून सांगितलं आहे.

या घटनेचा सभासदांवर खोल परिणाम झाला. त्या उन्हाळ्यात मी पुन्हा घरोघर फिरून मोजणी केली. 'घरी विचारून सांगतो' या सदरात आता एकशे पन्नास जण आहेत. एक हणमंतराव कमी झाले, ते पहिल्यापासून त्याच सदरात होते.

ती जागा रिकामी ठेवणं दप्तराच्या दृष्टीनं बरं दिसत नाही. वाचकहो, आपण इथवर आलात, हरकत घेतली नाहीत. विषय पटला असेल. आता पान उलटून, आज रात्री जेवताना सहज घरी विचारू, असं मनात म्हणालात ना?

लिहून घेतलं. एकशे एक्कावन्न.