माठाची पाळी

आमचे दाजी कुणाला 'कसा आहेस?' असं विचारत नाहीत. 'डोळे दाखव' म्हणतात. मग अंगठ्यानं खालची पापणी ओढून, बाजारात मेंढरू निरखावं तसं निरखतात आणि निकाल देतात. निकाल दोनच: शीण, नाहीतर कंटाळा. "शिणलेल्याला बसवा, कंटाळलेल्याला उठवा. उलटं केलं की मानूस कामातून गेला!" त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र एवढ्यात संपतं.

माझा निकाल वीस वर्षांत बदललेला नाही. मी बोरीत शाळेचा कारकून. दिवसभर शिक्के मारून घरी येतो, जेवतो आणि जरा लवंडतो; दाजी आमच्याकडं आलेले असले की तोच समोर उगवतात. "तुला कशाचा शीण रे? कंटाळा हाय तुला. ऊठ!" आणि मी उठतो. माझी बायको सुमन म्हणते, "मी ओरडून थकले, दाजींनी पापणी ओढली की लगेच उठता!"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. राहायला वालूरला, आणि जवळच्याच एका जिनिंग कारखान्यात मुकादम. कापसाचा हंगाम लागला की तिथं यंत्रांची धडधड, नाकातोंडात रुई. गठाणी ओढणारे दमून जातात आणि वजनकाट्यावरचा कारकून बसून बसून पेंगतो. दाजी पाळ्या फिरवत राहायचे. पेंगणाऱ्या कारकुनाला सरकीच्या ढिगावरच्या शेळ्या हाकलायला पिटाळायचं आणि दमलेल्या गड्याला द्यायची माठाची पाळी. म्हणजे निंबाखाली दोन माठ. तिथं बसायचं आणि येईल त्याला पाणी द्यायचं.

"सरळ आराम करू द्या की," मी एकदा म्हणालो.

"तुला न्हाई कळायचं, तुझा सगळा आरामच हाय," दाजी म्हणाले. "गड्याला बस म्हणलं की त्याला अपमान वाटतो. मी काय म्हातारा झालो का, म्हणतो. काम हाय म्हणलं की गुमान बसतो."

स्वतः दाजींना मात्र बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. चहासुद्धा चालत चालत पितात. माझ्या लग्नाच्या फोटोतही ते हललेले आहेत.

दिवाळीनंतर आक्का गेली. त्यांची लेक आपल्या सासरी परतली आणि चौदाव्या दिवशी दाजी जिनिंगवर हजर. आम्हाला वाटलं, बरं झालं, कामात मन रमेल.

होळीच्या सुमारास जिनिंगच्या शेठचा मला फोन आला. "काल तुमच्या दाजींनी चालत्या पट्ट्यात हात घातला. बाही गेली, हात वाचला. तीन महिन्यांत एक सुट्टी न्हाई हो त्यांची! आठ दिवस घरी न्या, झोपवा. असेच परत आले तर मी त्यांना फाटकाच्या आत घेणार न्हाई."

जिनिंग सुटली तर दाजींकडे उरणार काय, हे मला आणि सुमनला सांगायची गरज नव्हती. मी जीपनं जाऊन त्यांना घेऊन आलो. जीपमध्येही ते मागं लोंबकळत उभे.

पहिल्याच दिवशी आमच्या घराची जिनिंग झाली. तांबडं फुटायच्या आत अंगण झाडून तयार. सुमनची पापणी ओढून "शीण! बसा," आणि माझी ओढून "कंटाळा! ऊठ." सुमन टीव्हीसमोर, मी भांड्यांसमोर. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्वारी चाळली, नळाचा वायसर बदलला, तिसऱ्या दिवशी बदललेला वायसर पुन्हा बदलला. पाठ टेका म्हटलं की, "टेकतो की, एवढं झालं की टेकतो." मधेच हातातलं काम विसरून दाराकडं बघत उभे राहायचे. चौथ्या दिवशी शेजारच्यांच्या कोंबड्या मोजून आले. पाचव्या दिवशी त्यांच्या हातातून कपबशी पडली. बशी उचलायला वाकले ते तिथंच भिंत धरून थांबले.

सुमन पुढं झाली. "दाजी, डोळे दाखवा."

दाजी गोंधळले. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. तिनं अंगठ्यानं पापणी ओढली, बघितलं.

"पाळी बदला," ती म्हणाली. "आज बाजार हाय. लोक उन्हाचे जायलेत. दारातल्या निंबाखाली माठ ठिवलाय, तिथं पानी द्यायला मानूस पाहिजे."

दाजी तिच्याकडं बघत राहिले. स्वतःचीच युक्ती ते ओळखणार नाहीत, असं कसं होईल? मला वाटलं, आता खवळणार.

"ही युक्ती माझी न्हाई," ते हळूच म्हणाले. "तुमच्या आक्काची हाय. मी घरी आलो की माठाजवळ बसवायची. म्हणायची, बसा हितं, मला पानी द्या जरा. एक तांब्या प्यायला घंटाभर लावायची. मला कळायचं की. तरी बसायचो." दाराकडं बघत म्हणाले, "आता घरात पानी मागायला कुणी न्हाई."

सुमननं पाट उचलला आणि माठाजवळ नेऊन मांडला. दाजी बसले. अख्खे बसले.

बाजारचे लोक थांबत होते, पाणी पिऊन जात होते. मी घरातून तीनदा जाऊन म्हणालो, "दाजी, पाणी द्या." तहान नव्हती. ते तीनदा पेला भरून देताना म्हणाले, "तुला कंटाळा हाय." चौथ्यांदा गेलो तर मान छातीवर आलेली, पेला मांडीवर कलंडलेला, धोतर भिजलेलं. झोपले होते.

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई पाणी मागायला थांबली. मी ओठांवर बोट ठेवलं, पेला अलगद काढून घेतला आणि दाजींच्या शेजारी जमिनीवर बसून तिला पाणी दिलं.

बाजार उठेपर्यंत मी उठलो नाही.