एका ओळीची बस

मोठं काम एका ओळीत बसवता येणं, हे सुधारलेल्या संस्थेचं लक्षण होय. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीनं (नाव सांगत नाही, पगार अजून तिथूनच येतो) कामगारांच्या बसचे थांबे, वेळा आणि साहेबलोकांच्या सूचना असं सगळं संगणकाला हुकूम देणाऱ्या एका शेल स्क्रिप्टच्या एकाच ओळीत कोंबलं आहे. रोज सकाळी संगणक ती ओळ चालवतो आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर मेसेज जातो. ओळ एवढी लांब, की पडद्यावर तिचं नुसतं तोंड दिसतं. दिसतं तेवढं साहेब तपासतात, उरलेल्यावर विश्वास ठेवतात.

नवीन थांबा शेवटी जोडायचा, असा नियम आहे. त्याप्रमाणे पॅकिंगमधल्या गिरिधरचा थांबा जोडला आणि बस त्याच्यासमोरून न थांबता जाऊ लागली. आमच्याकडे हजेरी बसमध्येच लागते आणि चौथ्या खाड्याला नाव कटतं. गिरिधरचे तीन झाले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मेसेजमधी नाही तं मी काहून थांबू?"

नव्यानं लागलेल्या अश्लेषा मॅडमनी कारण शोधलं. मेसेज पाठवणारा प्रोग्राम ठरावीक लांबीपर्यंतच ओळ वाचतो आणि पुढचं निमूट सोडून देतो. (चूक झाली असं सांगतही नाही. आमच्याकडे त्याला सहज बढती मिळेल.) त्यांनी सुचवलं, प्रत्येक थांबा वेगळ्या ओळीत लिहू, एकेक करून पाठवू.

विभागप्रमुख महादेवराव गंभीर झाले. "एका ओळीचं काम आहे. तुम्ही त्याच्या चौदा ओळी करून राहिल्या. काम चौदापट वाढलं का नाही?"

हिशेब बिनतोड होता. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग महादेवरावांनीच तोडगा काढला. गिरिधरचा थांबा उचलून ओळीच्या तोंडाशी ठेवला. सुधारित क्रम, वेळा व सूचना वगळून, माहितीसाठी देतो (डिगडोह, बर्डी, झाशी राणी चौक, शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर, माटे चौक, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, सुभाषनगर, हिंगणा टी-पॉइंट, जयताळा, वानाडोंगरी, इसासनीची पाण्याची टाकी). डिगडोह कंपनीला लागूनच आहे. त्यामुळे गिरिधर आता कंपनीजवळ बसमध्ये चढतो, नागपूर फिरतो आणि कंपनीत उतरतो. खाडा मात्र पडत नाही. तक्रार निकाली निघाली, महादेवरावांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि "साध्या गोष्टी अवघड करू नयेत" अशी समज अश्लेषा मॅडमना लेखी मिळाली.

काही दिवसांनी पॅकिंगमधल्या रुखमाबाईंनी गिरिधरकडून नंबर घेऊन अश्लेषा मॅडमना फोन केला. "मॅडम, आजबी बस थांबली नाही. हा चौथा खाडा झाला. माहं नाव कटते का आता?"

त्या कुठं उभ्या आहेत, हे मॅडमना विचारावं लागलं नाही. तुम्हालाही लागू नये, वर कंसात शेवटी स्वच्छ छापलं आहे. पण दोनचार नावं वाचून तुम्ही कंसाबाहेर पडलात. मनाला लावून घेऊ नका. आमच्या प्रोग्रामनं मात्र वानाडोंगरीपर्यंत वाचलं होतं.