महांतप्पांचं फाइव्ह स्टार घर

घराचा खरा शत्रू म्हणजे त्यात राहणारा माणूस. तो दिवे लावतो, पंखे फिरवतो, दार उघडं टाकून गारवा घालवतो. म्हणूनच फ्रीजप्रमाणे नव्या घरांनाही स्टार द्यायचे, आणि चारपेक्षा कमी पडले तर वीज द्यायची नाही, हा नियम दूरदृष्टीचा होता.

उमरग्याच्या महांतप्पांना तो मनापासून पटला. भूकंपानंतर त्यांच्या आईनं, मल्लम्मानं, पत्र्याच्या शेडमध्ये सहा उन्हाळे काढले होते. आता ऐंशीव्या वर्षी तिला पंख्याखाली निजवायचं, एवढ्यासाठी त्यांनी घर बांधलं. स्टारचा दाखला येईपर्यंत बिऱ्हाड अंगणातल्या शेडमध्ये होतं. (शेड घराच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळं ते कितीही तापलं तरी चालतं.)

तपासणीस कुलदीप साहेब एप्रिलात आले. खिडक्या मोजल्या, गच्चीचा पांढरा रंग नखानं खरवडून पाहिला.

"महिन्याला युनिट किती जळतात?"

"मीटरच न्हाय, साहेब. दाखल्याबिगर देत न्हाईत."

"म्हणजे शून्य!" साहेब गहिवरले. तपासलेल्या सहाशे बारा घरांत शून्य पहिलंच होतं; बाकीच्यांनी शेजारून वायर ओढलेली असायची.

घराला पाच स्टार मिळाले, दारावर पितळी पाटी लागली. महांतप्पांनी पेढे वाटले आणि त्याच दुपारी मीटरचा अर्ज केला. अकराव्या दिवशी उत्तर आलं: 'वीज नसल्याने आपले घर पाच स्टार आहे. वीज दिल्यास ते तीनवर येईल. तीन स्टारच्या घरास वीज देता येत नाही.' महांतप्पांनी ते तीनदा वाचलं. खोट कुठंच सापडली नाही.

"पंखा ऱ्हाऊ द्या," पाटी बघायला आलेल्या कुलदीप साहेबांना मल्लम्मा म्हणाली. "मला नुसतं आत निजू तरी द्या, बाबा."

"आज्जी, माणूस आत निजला की घर तापतं," साहेब मायेनं म्हणाले. "तुमचं तर आदर्श घर. त्याचे स्टार पाच वर्षं उतरू द्यायचे नसतात."

मे महिन्यात जळकोटपासून लोक घर बघायला आले. चपला काढून आत जायचे, भिंतीला हात लावायचे, तृप्त होऊन बाहेर यायचे. शेडमध्ये पारा चव्वेचाळीसवर होता. मल्लम्मा डोक्यावर ओला टॉवेल ठेवून पाहुण्यांना सांगायची, "आत लई गार हाय म्हणं. बघून आलेले सांगत्यात."

आता जुन्या घरांचीही तपासणी सुरू होत आहे. आपण हे पंख्याखाली बसून वाचत असाल, तर दोष घराचा नाही. कृपया बाहेर या.