दिव्याला पाणी द्या

"बाबा, अर्ज कोण वाचतो हल्ली? हॅशटॅग पाहिजे, हॅशटॅग!" नील म्हणाला.

ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरच्या त्यांच्या इमारतीत आठ दिवस नळाला पाणी नव्हतं. रविवारी नीलच्या बायकोचं, अंतराचं, डोहाळजेवण. चाळीस बायका येणार, आणि तिच्या सासूबाई मंदाकिनीबाई चहाचं आधणसुद्धा जीव मुठीत धरून ठेवत होत्या. श्रीपादरावांनी पाणीखात्याला तीन अर्ज दिले होते, शुद्ध मराठीत, डावीकडे समास सोडून. नील घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत लोकांच्या साबणांना हॅशटॅग लावायचा. एवढ्यावर त्याला जग कळलं होतं.

त्याने सातव्या महिन्यातल्या अंतराला रिकाम्या बादलीशेजारी उभं केलं. "जरा सॅड बघ ना, यार!" म्हणत फोटो काढला आणि खाली लिहिलं, #दिव्यालापाणीद्या.

पहिल्या दिवशी अकरा लाइक आले, त्यातले सात मावश्यांचे. दुसऱ्या दिवशी नागपूरहून कुणीतरी विचारलं, "ही दिव्या कोण? पोटुशी पोर, आणि सासरचे पाणी देत नाहीत?" नागपूरकराला दिवा ठाऊक नसेल, हे समजू शकतं. पण ठाऊक नसलं की चौकशी करण्याऐवजी भडकायचं, हा या मंडळींचा धर्मच आहे. संध्याकाळपर्यंत अडीच लाख लोक दिव्यासाठी रडले. कुणी कविता पाडली. ठाण्यात टेंभी नाक्यावर मेणबत्त्या लागल्या. एका शहाण्याने सासूला फाशी मागितली.

"अरे, खुलासा टाक! दिवा हे गाव आहे म्हणावं!" श्रीपादराव ओरडले.

"वेडे झालात का बाबा? रीच पडेल ना, लोक बघायचे थांबतील!"

"रीचने भांडी घासू का रे, मेल्या?" मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या.

रविवारी सकाळी नऊलाच बेल वाजली. दारात कुठल्याशा महिला आघाडीच्या ऋजुताताई, मागे पंधरा बायका, आणि प्रत्येकीचा मोबाइल वर धरलेला.

"दिव्याला पाणी द्या!"

"अहो, आम्हीही तेच म्हणतोय!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"मग देत का नाही?"

"कुठून देऊ? घरात थेंब नाही!"

"ऐकलंत?" ऋजुताताई कॅमेऱ्याकडे वळल्या. "सुनेसाठी घरात थेंब नाही म्हणे!"

अंतरा घाईने पुढे आली. "अहो ताई, मी दिव्या नाहीये. माझं नाव अंतरा."

ऋजुताताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या इमारतीत इतक्या दिवसांत दिसलेलं ते पहिलं पाणी. "लग्नात नाव बदललं ना गं तुझं? ताटात तांदूळ पसरून? माहेरचं नावसुद्धा ठेवलं नाही या लोकांनी!"

श्रीपादराव व्याकरण समजावायला लागले. "हे पाहा, दिवा या शब्दाचं सामान्यरूप..." त्यांना कुणीतरी सोफ्यावर दाबून बसवलं.

ऋजुताताईंनी पर्समधून सीलबंद बाटली काढून अंतराच्या तोंडाला लावली. अंतराला खरंच तहान लागली होती. तिने अर्धी बाटली एका दमात संपवली. बायकांनी टाळ्या पिटल्या. आणि नील? तो हे सगळं लाइव्ह दाखवत होता. सख्ख्या आईला नव्वद हजार लोक शिव्या घालत होते, आणि हा आकडा वाढतोय म्हणून खूश!

दहा मिनिटांत #दिव्यालापाणीमिळालं सगळीकडे झळकलं. घोषणा देऊन ऋजुताताईंचा घसा बसला होता. "काकू, घोटभर पाणी मिळेल?" मंदाकिनीबाईंनी रिकामा हंडा आणून दाखवला. आघाडी गडबडीने जिना उतरली.

मंदाकिनीबाई चाळीस जणींना फोन करून डोहाळजेवण पुढे ढकलत होत्या, तेवढ्यात श्रीपादरावांचा फोन वाजला. पाणीखात्याचे साहेब होते.

"काका, अभिनंदन! तुमचे तिन्ही अर्ज निकाली काढले. दिव्याला पाणी मिळालं."

"अहो, कुठलं मिळालं? नळ कोरडा ठाक आहे!"

"असं कसं म्हणता काका? मी स्वतः व्हिडिओ बघितला. चांगली गटागटा पीत होती की!"